बोंडअळी, सिकलसेल आणि हाल्डेनचं गणित



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर गणिताचे शिक्षक होते. जीवशास्त्राची मुलं गणिताच्या धास्तीने तो विषय सोडून येतात, याची त्यांना मनापासून खंत होती. कॉलेज सुटल्यावर ते या मुलांसाठी संख्याशास्त्राचा वर्ग घेत, आणि त्याबद्दल कुणाकडून काही घेत नसत. विद्यापीठात उत्क्रांतिशास्त्र कसं शिकावं, या विषयावर बोला असं आयोजकांनी सांगितलं, तेव्हा सरांच्या नावाच्या व्यासपीठावरून या विषयाच्या गणिताबद्दलच बोलावं असं मी ठरवलं. फळा आणलेला आहे, पण आकडेमोड बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे जाणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उत्क्रांती आपण घडून गेलेल्या गोष्टींचा इतिहास म्हणून शिकवतो. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलाला हा विषय बहुधा शेवटच्या सत्रांत भेटतो. लामार्कचा जिराफ, डार्विनच्या फिंच पक्ष्यांच्या चोची, घोड्याच्या खुराचे नमुने, आर्किऑप्टेरिक्सचं चित्र, आणि परीक्षेत ‘टीपा लिहा’. यातलं काहीच चुकीचं नाही. पण हे सगळं शिकून बाहेर पडलेला मुलगा आपल्या गावच्या कपाशीत काय घडतंय आणि आपल्या गावच्या रक्तात काय घडतंय, याचा हिशोब करू शकत नाही. आणि हा हिशोब करता येणं यालाच मी उत्क्रांतिशास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास म्हणतो. बाकीचं शाळेतही शिकवता येतं, शिकवलं पाहिजे.

या हिशोबाची सुरुवात १९०८ साली झाली. केंब्रिजच्या जी. एच. हार्डींनी ‘सायन्स’ नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं. पुढे रामानुजनांना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी ते हेच. प्रश्न असा होता की एखादा प्रभावी गुण पिढ्यान् पिढ्या पसरत जाऊन सगळी लोकसंख्या व्यापून का टाकत नाही? हार्डींनी दाखवलं की नैसर्गिक निवड नसेल, स्थलांतर नसेल, उत्परिवर्तन नसेल आणि लोकसंख्या मोठी असेल, तर जनुकाच्या दोन रूपांचं प्रमाण पिढ्यान् पिढ्या जिथल्या तिथेच राहतं. जर्मनीत वाइनबर्ग यांनी त्याच वर्षी हेच स्वतंत्रपणे मांडलं. हार्डींना स्वतःला हे गणित क्षुल्लक वाटलं होतं. जीवशास्त्राला मात्र त्यातून एक शून्यरेषा मिळाली. प्रमाण हललं, की काहीतरी घडतंय एवढं कळतं, आणि किती हललं यावरून जे घडतंय त्याची ताकद मोजता येते.

ती मोजायला जे. बी. एस. हाल्डेन बसले. रोनाल्ड फिशर आणि सीवॉल राइट हे दुसरे दोघे. या तिघांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत डार्विन आणि मेंडेल यांना एका समीकरणात आणलं. हाल्डेनचा १९२४चा निबंध पाहा. मँचेस्टर भागात एका पांढुरक्या पतंगाचं काळं रूप १८४८मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. शतक संपेपर्यंत तिथले जवळपास सगळे पतंग काळे झाले होते. साधारण पन्नास पिढ्या. हाल्डेननी उलटा हिशोब केला: एवढ्या पिढ्यांत एवढा बदल व्हायचा तर काळ्या पतंगाची संतती पांढुरक्याच्या दीडपट तरी हवी. निवडीची ताकद इतकी असू शकते यावर त्या काळी फार जणांचा विश्वास नव्हता. पुढे रानातल्या प्रयोगांनी ती खरंच तितकी मोठी असल्याचं दाखवलं, आणि २०१६मध्ये त्या काळ्या रंगामागचं उत्परिवर्तनही सापडलं. ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात शिरलेला डीएनएचा एक तुकडा. त्याचा काळ संशोधकांनी १८१९च्या आसपासचा काढला.

या हाल्डेनबद्दल थोडं विस्ताराने बोलतो, कारण ते आपले होऊन गेले. ऑक्सफर्डला त्यांनी गणित केलं, मग ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान केलं. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९५७मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या निमंत्रणावरून ते आणि त्यांच्या पत्नी हेलन स्परवे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, १९६२मध्ये भुवनेश्वरला गेले, आणि १ डिसेंबर १९६४ला तिथेच वारले. देह त्यांनी काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता.

इथे आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना काय करायला लावलं, ते आपल्या प्राध्यापकांनी मुळातून वाचावं. महागडी यंत्रं नव्हती आणि त्यांना ती नकोही होती. एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, एकाच झाडावर त्यांची संख्या किती बदलते ते पाहिलं. कृष्णा द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या वेगवेगळ्या रंगांच्या फुलांवर कोणती फुलपाखरं किती वेळा बसतात ते मोजलं. फुलपाखरं रंग निवडत असतील तर एकाच जातीच्या फुलांत फाटाफूट पडायला तिथून सुरुवात होऊ शकेल का, हा त्यामागचा प्रश्न होता. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाची झाडं मोजली: पानांचं वळण उजवीकडे की डावीकडे, आणि ते आईबापांकडून येतं का? येत नाही, हे त्यांनी दाखवलं. सुरेश जयकर यांच्यासोबत हाल्डेननी १९६३मध्ये लिहिलेला निबंध आजही जगभर उद्धृत होतो. निवडीची दिशा पिढीगणिक पालटत असेल तर जनुकाची दोन्ही रूपं कशी टिकून राहतात, त्याचं गणित त्यात आहे. पारिजातक, घाणेरी, नारळ. यातलं एकही आपल्या कॉलेजच्या कुंपणापासून फार दूर नाही.

आता आपल्या रक्ताकडे येऊ.

सिकलसेल हा शब्द या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं असतं. एकाच पालकाकडून हे रूप आलं तर माणूस वाहक, दोघांकडून आलं तर रुग्ण. भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५२मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत. १९५८मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हापासून आपला प्रदेश या नकाशावर आहे. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत काही आदिवासी समाजांत वाहकांचं प्रमाण शेकडा वीसच्याही पुढे जातं.

इतका जीवघेणा दोष इतका पसरतो कसा? हाल्डेननी १९४८-४९मध्ये थॅलेसेमियाबद्दल एक तर्क मांडला होता: जिथे हा रक्तदोष आहे तिथेच मलेरियाही आहे, तेव्हा दोषाचं एकच जनुक असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. १९५४मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत हे दाखवून दिलं. फाल्सिपॅरम मलेरियाचं गंभीर रूप वाहकांना फार क्वचित होतं.

आता खडू हातात घेतो. एक गाव धरू. औषध नाही, डास भरपूर. सोयीसाठी असं मानू की मलेरियामुळे साध्या रक्ताच्या दर दहा मुलांतलं एक दगावतं, वाहक सगळे वाचतात, आणि दोन्हीकडून सिकलचं जनुक आलेलं मूल मोठं होत नाही. या गावात १२१ मुलं जन्माला आली. त्यातली १०० साधी, २० वाहक आणि १ रुग्ण. मलेरियाने शंभरातली दहा गेली, सिकलने ते एक गेलं. उरली ९० साधी आणि २० वाहक, म्हणजे ११० माणसं आणि २२० जनुकं, त्यातली सिकलची २०. अकरात एक. आता पुढच्या पिढीत पुन्हा १२१ मुलं मांडा. अकरात एक या प्रमाणाने रुग्ण किती? एक भागिले अकरा गुणिले अकरा. १२१मध्ये एक. वाहक वीस. साधी शंभर. आपण जिथून निघालो तिथेच आलो. दहा घरांत मलेरियाने मूल जातं आणि एका घरात सिकलने, आणि या जमाखर्चावर ते जनुक शेकडो पिढ्या तसंच उभं राहतं. कुणाचा शाप नाही, कुणाच्या आचरणाचं फळ नाही.

वर्गात हे गणित इथपर्यंत आलं की मुलं गप्प होतात, कारण त्यांच्यातल्या काहींच्या घरी ते एक मूल असतं. शिक्षकाने इथे थांबून सांगायला हवं: ज्या समाजांत हे जनुक आहे, ते मलेरियाच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या तग धरलेले समाज आहेत. जनुकाचं प्रमाण म्हणजे जातीचा शिक्का नव्हे. उत्क्रांतीच्या अभ्यासाचा गैरवापर करून माणसांची प्रतवारी लावणारे लोक विसाव्या शतकात अनेक प्रगत देशांत होते. त्यांच्या विरोधात हाल्डेननी १९३८मध्ये ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ हे पुस्तक लिहिलं, आणि त्यातला त्यांचा मुख्य पुरावा गणिताचाच होता.

तो पुरावा आपणही मांडू शकतो. समजा मलेरिया गेला. आता साध्या रक्ताची सगळी मुलं वाचतात, फक्त रुग्ण मूल वाचत नाही. जनुकाचं प्रमाण अकरात एक होतं. पुढच्या पिढीत ते बारात एक होतं, मग तेरात एक, मग चौदात एक. पिढीमागे छेद एकाने वाढतो. ते निम्म्यावर, म्हणजे बावीसात एकवर यायला अकरा पिढ्या लागतात. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर पावणेतीनशे वर्षं. आणि आज उपचारांमुळे अनेक रुग्ण मोठे होतात, संसार करतात, त्यामुळे वेग याहूनही कमी. कारण साधं आहे: जनुकाचा फार मोठा वाटा वाहकांत असतो, तिथे निवडीचा हात पोचत नाही. म्हणूनच ‘हळूहळू आपोआप जाईल’ असं म्हणणाराही चुकतो आणि ‘रुग्णांना मुलं होऊ देऊ नका’ असं म्हणणाराही चुकतो. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि समुपदेशन हा मार्ग घेतला आहे. तो योग्य का, हे या आकडेमोडीतून कळतं. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मुलाची शक्यता चारात एक. हे त्यांना लग्नाआधी माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

एक गोष्ट या हिशोबात मी गृहीत धरली होती: लग्नं कुणाचीही कुणाशीही होतात. आपल्याकडे तसं नाही. लग्नं समाजातल्या समाजात होतात, आणि अनेक घरांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. मामेबहिणीशी लग्न झालं तर १२१मध्ये एक रुग्ण याऐवजी दीडाहून जास्त, एक पूर्णांक सहादशांश इतकं प्रमाण होतं. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात हे समीकरण समासात असतं. आपल्या विद्यापीठात ते मध्यभागी हवं. आणि प्रश्न अजून संपलेले नाहीत. आपल्याकडचं सिकलचं जनुक आफ्रिकेतल्या जनुकाहून स्वतंत्रपणे जन्मलं, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. २०१८मध्ये पूर्ण जनुकसंचांवरून एक अभ्यास आला, त्याने सगळ्यांचा उगम एकच आणि सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा असल्याचं मांडलं. त्या अभ्यासाचा पुरावा आपल्या भागातल्या समाजांसाठी पुरेसा आहे का, हा प्रश्न नागपूरच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने विचारावा अशी माझी इच्छा आहे.

आता कपाशीकडे वळतो. इथे जास्त वेळ घेणार आहे.

२००२मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीला, भारतात परवानगी मिळाली. २००६मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन आलं. २०१४पर्यंत देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी होती. गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाच्या विषाला दाद देणं थांबवल्याचं गुजरातमधल्या चार जिल्ह्यांतून २०१०मध्ये जाहीर झालं. दुसऱ्या जनुकाविरुद्धची प्रतिकारशक्ती २०१४-१५च्या सुमाराला दिसू लागली. आणि २०१७चा हंगाम इथे बसलेल्या प्रत्येकाला आठवतो: पाती-फुलांच्या डोमकळ्या, बाहेरून धडधाकट दिसणारी आणि आतून किडलेली बोंडं, कवडीची झालेली सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणं अनेक होती, पण फवारणी वाढण्यामागे अळीचा पालटलेला स्वभावही होता.

हे सगळं उत्क्रांतीच होतं. आणि ते होणार, हे आधीपासून माहीत होतं. म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जात होतं. नियम असा होता की शेताभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल तेवढं बिगर-बीटी लावायचं. बहुतेकांनी लावलं नाही. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला पाचवा हिस्सा अळीला सोड म्हणायचं, तर त्याचं कारण त्याला समजेल असं सांगणं हे सांगणाऱ्याचं काम होतं. ते काम झालं नाही. ते करू शकतील अशी माणसं आपल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांतूनच निघायला हवी होती.

कारण असं आहे. अळीचंही एक जनुक धरा. त्याचं नेहमीचं रूप असलं तर विषाने अळी मरते, दुर्मीळ रूप दोन्हीकडून आलं तर वाचते, एकाच बाजूने आलं तर विषाची मात्रा पुरेशी असेल तर मरते. दुर्मीळ रूपाचं प्रमाण हजारात एक माना. मग दहा लाख अळ्यांमध्ये पूर्ण प्रतिकारक अळी एक. एकतर्फी वाहक जवळपास दोन हजार. इथेही तीच गोष्ट आहे जी सिकलसेलमध्ये पाहिली: दुर्मीळ जनुक जवळजवळ सगळं वाहकांत दडलेलं. बीटी शेतात ती दहा लाखांतली एक वाचते. तिचा पतंग झाला. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असतील, तर तिथून हजारो साधे पतंग बाहेर पडलेले असतात आणि हिची जोडी त्यांच्यातल्याच एकाशी जुळते. पिलं सगळी एकतर्फी वाहक. ती बीटीच्या बोंडात शिरतात आणि मरतात. हिशोब तिथल्या तिथे मिटतो. त्या ओळी नसतील, तर आसमंतात उरलेले पतंग म्हणजे वाचलेलेच. वाचलेल्याची जोडी वाचलेल्याशी, आणि पिलं सगळी पूर्ण प्रतिकारक. त्यानंतर हजारात एक हे प्रमाण शंभरात एक आणि दहात एक व्हायला फार पिढ्या लागत नाहीत, आणि ही अळी एका हंगामात अनेक पिढ्या काढते. फरदड ठेवली, मार्च-एप्रिलपर्यंत पऱ्हाटी शेतात उभी राहिली, की आणखी पिढ्या.

अमेरिकन बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, तिच्यासाठी सगळं शिवारच आश्रयाच्या ओळी असतात. गुलाबी बोंडअळीला मात्र जवळजवळ कपाशीच लागते. त्यामुळे तिच्या बाबतीत त्या पाच ओळींना पर्याय नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला वर्गात सांगण्यासारखी सर्वांत मोलाची वाटते. जगात अनेक ठिकाणी बीटी कपाशी सरळ वाणांत आहे. आपल्याकडे ती संकरित वाणांत आहे. संकरित झाडात बीटीचं प्रत्येक जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्या झाडाच्या बोंडात ज्या सरक्या धरतात त्या पुढच्या पिढीच्या असतात, आणि दोन जनुकं असतील तर त्यांच्यात मेंडेलची वाटणी होते: सोळापैकी नऊ सरक्यांत दोन्ही विषं, तिघींत फक्त एक, तिघींत फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. बारावीत पाठ केलेलं नऊ-तीन-तीन-एक हे प्रमाण यवतमाळच्या प्रत्येक बोंडात असतं. आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषाची सरकी, अर्ध्या विषाची सरकी आणि बिनविषाची सरकी मिळते. पूर्ण मात्रेने मेली असती अशी वाहक अळी इथे तग धरू शकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे वारंवार मांडलं आहे.

इथे हुशार विद्यार्थी हात वर करेल. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरित कपाशीचंच पुढच्या पिढीचं बियाणं लावलं आणि तिथे गुलाबी अळीची प्रतिकारशक्ती उलट घटली, असा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मग तीच वाटणी तिथे उपकारक आणि इथे घातक कशी? उत्तराची दिशा अशी: तिथे शेतातली काही झाडं पूर्णपणे बिगर-बीटी निघाली, म्हणजे आश्रयाच्या ओळी शेतभर आपोआप विखुरल्या गेल्या. आपल्याकडे सगळी झाडं बीटी, आणि फरक फक्त बोंडाच्या आत. झाडाझाडांतला फरक आणि बोंडातला फरक यांचे परिणाम वेगळे. कोणता परिणाम किती, हे ठरवायला मोजणी लागते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात आश्रयाच्या ओळी काटेकोरपणे लावल्या गेल्या, २००६पासून वंध्य केलेले पतंग सोडले गेले, आणि २०१८मध्ये तो देश या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. निवडीची दिशा ओळखून शेती आखली तर काय होतं, याचं हे उदाहरण आहे. आपली परिस्थिती वेगळी आहे, क्षेत्र लहान, शेतकरी अनेक, म्हणून आपलं गणित आपल्यालाच करावं लागेल.

उत्क्रांती शिकवायचीच कशाला, असंही आपल्याकडे म्हटलं गेलं आहे. जानेवारी २०१८मध्ये आताच्या छत्रपती संभाजीनगरात एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत अभ्यासक्रमातून काढावा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढलं. पण त्या विधानाला आपल्या पदवीधरांपैकी किती जणांना शांतपणे उत्तर देता आलं असतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजचं कोणतंही माकड माणसाचा पूर्वज नाही. चिंपांझी आणि माणूस यांचा पूर्वज एक, आणि त्यांच्या वाटा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. वंशवृक्षाच्या फांद्या वाचता येणं, कोणता फाटा आधीचा आणि कोणता नंतरचा हे डीएनएवरून ठरवता येणं, हे पहिल्या वर्षाचं कौशल्य आहे. आणि होताना पाहण्याबद्दल म्हणाल तर कॅलिफोर्नियात रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ला ई. कोलाय जिवाणूंच्या बारा वसाहती सुरू केल्या, दर पाचशे पिढ्यांनी त्यांचे नमुने गोठवून ठेवले, आणि सुमारे ३१,००० पिढ्यांनंतर त्यातल्या एका वसाहतीत प्राणवायू असताना सायट्रेट खाण्याची क्षमता आली. जुने नमुने वितळवून तो बदल कुठल्या टप्प्याने आला ते तपासता येतं. पुण्याच्या आयसरमध्ये आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अशाच प्रकारे माश्यांवर आणि जिवाणूंवर काम चालतं. आणि आपण तर २०१०पासून बोंडात पाहतोच आहोत.

२०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याला विरोध करणारं पत्र लिहिलं. त्या पुस्तकांवर शिकून जी मुलं अकरावीत जीवशास्त्र घेणार नाहीत, त्यांना हा विषय आयुष्यात कुणी शिकवणार नाही. म्हणजे पुढच्या शेतकी अधिकाऱ्याची, बँकेत पीककर्ज मंजूर करणाऱ्याची, पत्रकाराची पाटी कोरीच राहणार. ही जबाबदारी आता विद्यापीठांवर आली आहे, आणि ती केवळ प्राणिशास्त्र विभागाची मानून चालणार नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. हा विषय शेवटच्या सत्रातून पहिल्या वर्षात आणा, म्हणजे मग शरीरशास्त्र, वर्गीकरण, परिसंस्था हे सगळं त्याच्या आधाराने शिकता येईल. त्याच्यासोबत संख्याशास्त्र सक्तीचं करा, मराठीत शिकवा, आणि कागद-पेन्सिलीवर शिकवा, संगणक नंतर. वैद्यकीय आणि कृषी अभ्यासक्रमांत हीच दोन प्रकरणं, सिकल आणि बोंडअळी, पूर्ण हिशोबासह ठेवा. वर्गातल्या मुलांच्या रक्ताची तपासणी प्रात्यक्षिक म्हणून करू नका. सिकलची आकडेवारी आरोग्य विभागाची, नावं काढलेली, वापरा. ज्या मुलाची ओळख वर्गात उघडी पडेल त्याच्या घरी त्याचे परिणाम होतात.

जीवशास्त्राच्या मुलांच्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, याने नोकरी लागेल का? मी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. पण बियाणं कंपन्या, कृषी विद्यापीठं, सिकलसेल मोहीम, क्षयरोगातला औषध-प्रतिकार तपासणाऱ्या प्रयोगशाळा, या सगळ्यांना जनुकाचं प्रमाण मोजू शकणारी माणसं लागतात, आणि ती आपल्या भागातून फार थोडी निघतात.

शेवटी प्रात्यक्षिकाचं सांगतो. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, कॉलेजच्या दहा किलोमीटरच्या परिघातली काही ठरावीक शेतं निवडा. शेतकऱ्यांची परवानगी घ्या. दर आठवड्याला प्रत्येक शेतातून यदृच्छेने वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा, अळ्या मोजा, अळी जिवंत की मेलेली लिहा. कामगंध सापळ्यांतले पतंग रोज रात्रीचे मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, किंवा वीसपैकी दोन बोंडांत अळी सापडली, की शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगा, कारण ती नुकसानीची पातळी आहे. शेतात फरदड होती का, बिगर-बीटीच्या ओळी होत्या का, वाण किती दिवसांचं, हे सोबत नोंदवा. एका वर्षाच्या नोंदीतून फार काही कळणार नाही. पाच वर्षांच्या, तीन-चार कॉलेजांच्या नोंदी एकत्र केल्या तर कुठल्या शिवारात अळी जास्त झपाट्याने बदलते आणि का, हे सांगता येईल. नोंदवहीचा नमुना आणि आकडेमोडीचा तक्ता मी छापून आणला आहे. ज्या प्राध्यापकांना या खरिपापासून सुरुवात करायची असेल, त्यांनी तो दाराजवळच्या टेबलावरून घ्यावा आणि आपल्या कॉलेजचं नाव, शेतांची संख्या आणि जबाबदार विद्यार्थ्यांची नावं जूनअखेर कळवावीत.